मास्तरांचा डावा पाय

मास्तरांचा डावा पाय कधी स्वस्थ बसायचा नाही. जेवताना तो टेबलाखाली फरशी दाबत राही, झोपेत चादर पायथ्याशी गोळा करी. बायको वैतागून म्हणायची, "अहो, गाडी बंद करून झोपा की!" सगळा जन्म ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत गेलेला. त्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक क्लच आणि ब्रेक असतो. मास्तरांची खोड अशी, की शिकणाऱ्याचा क्लच झटक्यात सुटायला लागला की हे गुपचूप आपला दाबून सावरून घ्यायचे. गाडी अलगद निघायची, शिकणारा खूश.

लेकीच्या बाबतीत तर विचारायलाच नको. ती नर्स होती. घरोघरी जाऊन रुग्णांना बघायची नोकरी तिला मिळाली होती, पण लायसन्स हातात आलं तरच. टेस्टच्या आदल्या दिवशी चहा पिता पिता ती म्हणाली, "बाबा, क्लच आता माझ्या पायात बसलाय. उद्याची मला मुळीच धास्ती नाही."

मास्तरांना ठसका लागला. टेस्टची गाडी वेगळी. तिला क्लच एकच.

"चल, एक फेरी मारू," म्हणत ते उठलेच.

पाण्याच्या टाकीकडच्या चढावर त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि सीटवर चक्क मांडी ठोकली, पाय पोचूच नये म्हणून. लेकीने क्लच सोडला. गाडीने हिसका दिला आणि बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. मांडीखाली मास्तरांचा पाय वळवळायला लागला, तो त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला.

लेक त्या पायाकडे बघतच राहिली. "म्हणजे इतके दिवस तुम्हीच...?"

"तुला हिसके बसू नयेत म्हणून गं."

"मला हिसकेच हवे होते, बाबा!" तिचे डोळे भरून आले. "उद्या मी तोंडावर आपटणार."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गावभर लोकांना शिकवल्याची फुशारकी मारली, आणि पोटच्या पोरीचीच फसवणूक केली. पण पोरगी हट्टाला पेटली. दिवे लागले तरी तिने चढ सोडला नाही. "सावकाश सोड. गाडी थरथरली की पाय तिथेच धर," एवढंच मास्तर सांगत होते, आणि हिसके मुकाट्याने खात होते.

दुसऱ्या दिवशी ते टेस्टच्या मैदानाबाहेर जाळी धरून उभे. गाडी एकदा बंद पडली तर माफ, दुसऱ्यांदा पडली की घरी. चढावर लेकीची गाडी बंद पडली. मास्तरांनी डावी चप्पल मातीत दाबली, पण त्याचा काय उपयोग! जीव नुसता टांगणीला लागला. मग गाडी चालू झाली, थरथरली, क्षणभर तिथेच थबकली आणि वर चढली.

लेक पास होऊन बाहेर आली. मास्तर लगबगीने आपल्या गाडीकडे गेले आणि नेहमीच्या जागी बसू लागले.

"तिथे नाही. मागे बसा," लेक म्हणाली.

जन्मात पहिल्यांदाच ते आपल्या गाडीत मागे बसले. पायाशी काहीच नाही, नुसती तिची पिशवी. सिग्नलच्या चढावर गाडी बंद पडली. मागून हॉर्नचा कल्ला उठला. मास्तर ओठ मिटून, गुडघा आवळून बसले. लेकीने घाई न करता गाडी चालू केली, अलगद पुढे काढली आणि आरशातून त्यांच्याकडे पाहिलं.

"बाबा, आता श्वास सोडा," ती म्हणाली. "सावकाश."