दुसऱ्या विहिरीचा भोंगा

मोटारीचा फ्यूज काढून विहिरीत उतरायची आता गरज नाही, असं मी चुलत्यांना सांगितलं.

आमचं शेत लोहाऱ्याजवळ. थ्री फेज लाईट कधी येईल त्याचा नेम नाही, म्हणून मोटारीला ऑटो लावलेला. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. त्याच वेळी कुणी पाण्यात उतरून मोटारीच्या जाळीचा गाळ काढत असला, तर करंट पाण्यात उतरायला कितीसा वेळ लागतो?

मी घरी बसून एका कंपनीसाठी जावा भाषेत प्रोग्राम लिहितो. तेवढ्यावर भावकी मला इंजिनियर म्हणते, आणि मीही कधी नाही म्हटलं नाही. मी प्रोग्राम केला: लाईट आली की आधी भोंगा, मग पाच मिनिटं थांबून मोटार. आमच्या विहिरीवर तो आठवडाभर बिनचूक चालला. मग ओढ्यापलीकडची चुलत्यांची विहीर जोडली आणि घोळ तिथंच घातला.

जावात कंटेनर म्हणून एक कारभारी असतो, पंगतीतल्या वाढप्यासारखा. प्रोग्रामातल्या ज्या वस्तूला, म्हणजे ऑब्जेक्टला, त्यानं स्वतः पाटावर बसवलं, त्याच्या पानात तो लागेल ते वाढतो. प्रोग्रामातली पहिली विहीर त्यानं बसवली होती. तिला भोंगा मिळाला. दुसरी मी घाईत स्वतःच्या हातानं ‘न्यू’ लिहून बनवली. म्हणजे पाहुणा आणला आणि मांडवाबाहेर बसवला. वाढप्याला त्याचा पत्ताच नाही, पान कोरडं. अशा वेळी जावा बोंब मारतं. पण एररची भानगड नको म्हणून ती बोंबही मी आधीच दाबून ठेवली होती.

एका दुपारी चुलते गाळ काढायला दोर धरून त्यांच्या विहिरीत उतरले. मी इकडं आमच्या विहिरीवरच्या खोलीत मशीनसमोर चहा पीत होतो. बल्ब लागला. आमचा भोंगा वाजून थांबला. स्क्रीनवर आलं: ‘विहीर एक, भोंगा वाजला. विहीर दोन, भोंगा वाजला.’

ओढ्यापलीकडून काहीच ऐकू आलं नाही. वारा पडलेला. कुठंतरी एक होला घुमत होता, तेवढाच.

स्क्रीनवरची ती ओळ भोंगा वाजायच्या आधीच छापली जाते, हे मला आठवलं. छापणारा मीच.

पळालो. ओढ्यात एक चप्पल गेली. चढावर लक्षात आलं की मशीनवरच प्रोग्राम बंद करता आला असता; पण आता मागं जायला आणि पुढं जायला वाट सारखीच होती. पाच मिनिटांतली किती गेली, तेही कळेना. मी ओरडत होतो, पण दम लागून आवाज फुटत नव्हता.

काठावर पोचलो तेव्हा वेळ उलटून गेली होती. मोटारीचा आवाज नव्हता. खालून माणसाचाही नव्हता. वाकून बघायचं धाडस होईना.

तेवढ्यात दोर हलला आणि चिखलानं माखलेलं डोकं वर आलं. मी असा का धापा टाकतोय, हे चुलत्यांना कळेना.

तोवर चुलतीही शेतातून आली. तिथंच बसून मी दोघांना सगळं सांगितलं, पंगतीसकट. आता प्रोग्रामात भोंगा दिल्याशिवाय विहीर बनणारच नाही असं करतो, म्हणालो. चुलतीनं पदराची गाठ सोडली आणि फ्यूज माझ्या तळहातावर ठेवला.

“गरज न्हाय म्हणून तू सांगितलंस, तवापासनं ह्ये उतरायच्या आदी म्याच काढून ठिवते.”