जिजीचा संशय

आमच्या थोरल्या चुलतीला, जिजीला, कुणाचाच भरवसा वाटत नसे. तलवाड्याजवळच्या आमच्या वस्तीवर पाहुणा आला की ती आधी त्याच्या चपलांकडे बघे, मग तोंडाकडे. कुणाच्या खुराड्यातून आलाय, काय तुडवून आलाय, हे कळल्याशिवाय त्याला आपल्या कोंबड्यांकडे फिरकू देत नसे.

बाजारातली कोंबडी तर तिच्या लेखी चोरच. वडिलांनी एकदा हौसेने तुरेबाज कोंबडा आणला. जिजीने तो महिनाभर गोठ्यापलीकडे डालग्याखाली कोंडला. आपल्या कोंबड्यांचं दाणापाणी उरकल्यावरच त्याच्याकडे जाई, आणि हात राखेने घासून मग घरात येई. "दिसायला समदेच चांगले असत्यात," एवढंच म्हणाली.

गुरांच्या दवाखान्यातून कोंबड्यांची लस घेऊन येणारा माणूसही तिच्या तावडीतून सुटत नसे. त्याचा थर्मास उघडून ती स्वतः बर्फ बघे. बर्फ वितळलेला असला, तर त्याला चहा पाजून परत पाठवी.

एका उन्हाळ्यात शेजारच्या कौसाकाकूच्या कोंबड्या पटापट मरू लागल्या. थोडं आधी मेंढरं राखणारी साळूबाई ताक मागायला आली होती आणि खुराड्याच्या सावलीला टेकली होती. तिनेच विष घातलं, असं कौसाकाकू वस्तीभर सांगत सुटली. साळूबाईला आणि तिच्या नवऱ्याला बोलावून आणलं. माणसं जमली, आवाज चढले. एकाने नवऱ्याची गचांडी धरली, तेव्हा जिजी मध्ये शिरली.

तिने मरायला टेकलेली एक कोंबडी निरखून बघितली. मान पिळल्यासारखी वाकडी, चोच उघडी, धाप लागलेली, खाली हिरवट पातळ घाण. मग तिने कौसाकाकूला विचारलं, नवं पाखरू कोणतं आणलंस? कौसाकाकू आधी कबूलच होईना. शेवटी निघालं, की जावयाने चौसाळ्याहून कोंबडी आणली होती. तीच सगळ्यांत आधी मेली, आणि तिला उकिरड्यावर फेकून दिलं होतं.

"हा मानमोडीचा रोग हाय, कौसे. इख न्हाई," जिजी म्हणाली. "साळूवर माजा बी भरवसा न्हाई. पण हे तिनं केलं न्हाई."

मेलेल्या कोंबड्या तिने चुना टाकून खोल पुरायला लावल्या आणि वस्तीवरच्या धडधाकट कोंबड्यांना लस टोचून घेतली. आमच्या वाचल्या. कौसाकाकूचं खुराडं रिकामं झालं.

साळूबाईची माफी माग, असं जिजीने कौसाकाकूला बजावलं. ती उद्या जाते, परवा जाते म्हणत राहिली. तोवर साळूबाईचं बिऱ्हाड मेंढरांसह निघून गेलं.

यंदा जिजी गेली. कुणाकडून तरी ऐकून साळूबाई आली, अंगणात बसून रडली. कौसाकाकूने चहाचा कप तिच्यापुढे धरला.

"ऱ्हाऊ द्या," साळूबाई म्हणाली. "मी जिजीसाठी आलते."

कौसाकाकू कप घेऊन तशीच उभी राहिली.