पाणी दिलं, मी स्वतः

शीळफाट्याजवळ भेंडी लावणाऱ्या माझ्या मामाला या धंद्यात मीच ओढलं. आमच्या ठाण्यातल्या कंपनीचा दावा सोपा होता. शेतकरी रोजचं काम मोबाईलवर नोंदवणार, ती नोंद ब्लॉकचेनवर जाणार, आणि तिथे एकदा लिहिलेलं ब्रह्मदेवालाही पुसता येत नाही. गिऱ्हाईक पाकिटावरचा कोड स्कॅन करून सगळं वाचणार. मी फळ्यावर वर्तुळ काढायचो: सलग नोंदींनी विश्वास, विश्वासाने गिऱ्हाईक, गिऱ्हाईकाने भाव, भावापायी पुन्हा नोंदी. सुटा तुकडा बघू नका, अख्खं चक्र बघा, असं मोठ्या तोऱ्यात सांगायचो. नमुना म्हणून मामाचंच पान दाखवायचो, कारण त्यात एक खाडा नव्हता.

मामा पहाटे चारला गेला. सहा दहाला आम्ही त्याला शेवटची अंघोळ घालत होतो. आठवड्याने ऑफिसात ते पान उघडलं, तर त्या दिवशीचीही नोंद होती. 'सहा दहा. पाणी दिलं. मी स्वतः.' पुढेही रोज तेच. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला.

तेराव्याला गेलो तेव्हा उलगडा झाला. विसरायला नको म्हणून मामाने ॲपच्या पासवर्डाचे आपले बारा गुप्त शब्द देवांशेजारच्या कॅलेंडरमागे लिहून ठेवले होते. मामी तेच शब्द घालून ॲप उघडायची आणि त्याच्या नावाने नोंद करायची.

नोंदी थांबव म्हटलं. "कनाला थांबवू, कशाला?" ती म्हणाली. "पानी मी देते ना. त्यांचं नाव तेवढं चालू ऱ्हाव दे."

बोट कुणाचं, हे ब्लॉकचेनच्या साखळीला कळत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, हे मला फळ्यासमोर कधी सुचलंच नव्हतं. मी कंपनीला कळवलं असतं तर पान बंद झालं असतं. नाही कळवलं. पहिला दिवस सोडला, तर निदान पाणी तरी खरं आहे, अशी मनाची समजूत घातली.

गेल्या महिन्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मामी आमच्याकडे डोंबिवलीला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने धड दिसेना. तिने फोन माझ्यापुढे धरला. "सहा दहा झाले असतील. तू दाब."

"मामी, आज शेतावर कुणीच नाहीये. पाणी कोण देणार?"

"त्यांचा खाडा नको रे."

मला तिचा राग आला आणि भीतीही वाटली. फळ्यावरच्या वर्तुळात मी स्वतःला कधी काढलंच नव्हतं. बाहेर उभा राहून नुसते बाण दाखवायचो. अंगठा टेकवला.

"काय आलं? वाच."

"पाणी दिलं," मी वाचलं. "मी स्वतः."

मामी समाधानाने उशीला टेकली. "तुझा आवाज त्यांच्यावरच गेलाय," ती म्हणाली.