गर्दी कमी करणारे काका

कुणाच्याही घरी गेले की काका आधी बसत नसत. भिंतीकडे बघत विचारत, "यातलं बंद काय काय करता येईल?" आणि उत्तराची वाट न बघता चार्जर उपटत सुटत. यजमानीण आडवी उभी राहिली तरच फ्रिज वाचायचा.

पुण्यात त्यांची सारी नोकरी वायरलेस सेट दुरुस्त करण्यात झाली. दर उन्हाळ्यात नव्वद दिवसांच्या व्हिसावर ते नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनला मुलाकडे, म्हणजे माझ्या खालच्या मजल्यावर यायचे. तुमच्याही इमारतीत असा एखादा पाहुणा असेल, जो पाहुण्यासारखा राहतच नाही.

माझ्या शेजारच्या डच आजींना सगळे ओमा म्हणतात. सख्ख्या भावाशी त्यांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. पण भाऊ हौशी रेडिओवाला. रोज सकाळी तो क्लबातल्या मित्रांशी रेडिओवर गप्पा मारायचा आणि ओमा स्कॅनर, म्हणजे असं बोलणं नुसतं ऐकायचा रेडिओ, लावून गुपचूप ऐकायच्या. तेवढाच भाऊ त्यांच्या वाट्याला उरला होता. मग क्लब डिजिटल झाला आणि जुन्या स्कॅनरवर काही ऐकू येईना. ओमांनी नवा स्कॅनर घेतला, तर त्यात भाऊ तुकड्यातुकड्यांनी येऊ लागला. अर्धा शब्द, मग शांतता.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. आधी अपडेट केलं, मग बाल्कनीत भलीमोठी अँटेना बसवली. होता तो आवाजही गेला. ओमांनी तरीही मला कॉफी दिली, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

शेवटी काकांना नेलं. माझी अँटेना बघून ते हसले.

"अरे, सिग्नल कमी नाही, गर्दी फार झालीय. तू दार सताड उघडलंस, गावातले सगळे दांडगे आत शिरले. हिचा भाऊ बिचारा उंबऱ्यावरच."

"मग आता होईल का, काका?"

"होणार. न व्हायला काय झालं?"

त्यांना डच येत नव्हतं, ओमांना मराठी. दोघंही आपापल्या भाषेत बिनधास्त बोलत होते. काकांनी वीतभर अँटेना लावली, स्कॅनरचं सिग्नल कमी करायचं बटण दाबलं आणि सिग्नलमध्ये खरखर घालणारा खोलीतला एकेक दिवा बंद करत, स्कॅनर हातात घेऊन पावलापावलाने फिरले. जेवणाच्या टेबलापाशी आवाज सलग आला, तसा त्यांनी अँटेनासकट स्कॅनर तिथेच ठेवला. भाऊ खोकला, मग पाठदुखीबद्दल बोलू लागला. ओमांनी काकांचा हात धरला तो कितीतरी वेळ सोडला नाही.

"आता भावाला फोन करायला सांग तिला," काका म्हणाले.

मी भीतभीत सांगितलं. ओमांनी मान हलवली. नाही.

"करेल. माझे अजून अकरा दिवस आहेत."

अकरा दिवस संपले, फोन झाला नाही. विमानतळावर काकांचा चेहरा मी पहिल्यांदाच पडलेला पाहिला.

यंदा डॉक्टरांनी त्यांचा प्रवासच बंद केला. ओमांनी काका कधी येणार म्हणून विचारलं, तेव्हा सांगावं लागलं की आता ते येणार नाहीत. त्याच आठवड्यात ओमांनी भावाला फोन केला.

रविवारी भाऊ केक घेऊन आला. टेबलाशी बसलेल्या दोघांचा फोटो मी काकांना पाठवला. लगेच उत्तर आलं.

"अँटेना कुणी हलवली?"

मी हसतोय तोवर दुसरा मेसेज आला.

"असू दे. समोर बसलाय ना."