साडू गाडी बघतात

माझ्या साडूंनी पहिल्या नजरेत पसंत केलेली एखादी वस्तू मुरबाड तालुक्यात कोणी मला दाखवली, तर मी शाळेत रजा टाकून तिच्या दर्शनाला जाईन. नारळ असो, छत्री असो की टीव्ही असो, साडू ती वस्तू आधी हातात घेतात, मग उजेडात धरतात, मग कानाशी नेऊन हलवतात आणि शेवटी जड मनाने होती तिथे ठेवून देतात. टीव्ही कानाशी नेता येत नाही, म्हणून ते स्वतःचा कान टीव्हीपाशी नेतात. माझं लग्न ठरलं तेव्हा मुलीकडून मला पाहायला जी मंडळी शहापूरला आली होती, त्यात थोरले जावई म्हणून हे होते. चहा होईपर्यंत ते कपबशी उजेडात धरून बघत होते. मग मला दारापासून न्हाणीपर्यंत दोनदा चालायला लावलं आणि सासऱ्यांच्या कानात म्हणाले, "पोरगा बरा हाय, पन उजव्या बाजूला झुकतो." मी त्या वेळी उजव्या खांद्याला दप्तर अडकवून शाळेत शिकवायला जायचो, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

यात त्यांचा दोष फारसा नाही. मुरबाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात बाहेरून येणारा माल तपासायची नोकरी त्यांनी तेहतीस वर्षं केली. आलेल्या मालात खोट काढायची आणि तो परत पाठवायचा, यासाठी त्यांना पगार मिळत होता. निवृत्त झाल्यावर पगार थांबला, खोट काढणं थांबलं नाही. काही दिवस घरच्या माणसांनी ते सोसलं. मग माझ्या मोठ्या मेहुणीच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, सुदैवाने त्यांना वापरलेल्या गाड्या सापडल्या. शेजारच्या एकाबरोबर सहज म्हणून गाडी बघायला गेले आणि तिथे त्यांनी अशी काही खोट काढली की शेजाऱ्याचे पैसे वाचले. तेव्हापासून मुरबाड, सरळगाव, किन्हवली या पट्ट्यात कोणाला जुनी गाडी घ्यायची असली की तो आधी साडूंच्या दारात येतो. साडूंना स्वतःला गाडी चालवता येत नाही. हे कळल्यावर नवा माणूस जरा बिचकतो. त्यावर साडू म्हणतात, "चालवनाऱ्याचं लक्ष रस्त्यावर असतं. गाडीकडं बघायला मानूस मोकळा पायजे."

गाडी बघायला जाताना त्यांच्या पिशवीत बायकोच्या जुन्या खणात गुंडाळलेलं एक लोहचुंबक, एक टॉर्च, शिंप्याची टेप आणि इस्त्रीचा पांढरा रुमाल असतो. पत्र्याला चुंबक चिकटलं नाही, तर तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली आहे आणि गाडी कुठेतरी ठोकलेली आहे असं धरायचं. रुमाल सायलेन्सरपुढे धरायचा आणि त्यावर पडलेला डाग घरी नेऊन बायकोला दाखवायचा. एकदा एक विकणारा शपथेवर सांगत होता की गाडी फक्त देवदर्शनाला बाहेर निघते, काटा बघा, किती कमी चाललीय. साडूंनी काट्याकडे बघितलंच नाही. खाली वाकून टॉर्च मारला आणि शांतपणे विचारलं, "मंग या ब्रेकच्या पेडलवरचं रबर कोनी चावून खाल्लं?" त्या माणसाने चहा मागवला होता, तो परत पाठवला.

मला गाडीची गरज पडली ती आईमुळे. आईला अर्धांगाचा झटका येऊन गेला आणि डावा पाय तिच्या ताब्यात राहिला नाही. चाकाच्या खुर्चीवर बसून ती शहापूरच्या आमच्या घरात दारापासून मागच्या पडवीपर्यंत हिंडायची. तिचं माहेर वैशाखऱ्याचं, मुरबाडहून माळशेजकडे जाताना लागतं. तिथे तिची धाकटी बहीण, आमची मावशी, एकटी राहायची. तिलाही दम्यामुळे प्रवास झेपत नव्हता. दोघी बहिणी व्हिडिओ कॉलवर बोलायच्या, पण आईला ते पटायचं नाही. "तोंड दिसतं गो, पन हात नाय लागत," असं ती माझ्या बायकोला म्हणायची. भाड्याच्या जीपला पायरी उंच. एकदा तिला चौघांनी उचलून आत बसवलं, तेव्हा तिने डोळे मिटून घेतले होते, ते मुक्कामी पोचेपर्यंत उघडले नाहीत. म्हणून मी ठरवलं की जमिनीलगतची, मागे ऐसपैस जागेची आणि मोठ्या डिकीची एखादी वापरलेली सेडान घ्यायची. डिकीत खुर्ची मावली की झालं. अर्थातच मी साडूंना फोन केला आणि पुढचे सात महिने माझे रविवार संपले.

पहिल्या गाडीच्या डिकीत गॅसची टाकी होती. साडूंनी डिकी उघडली, टेप लावली, म्हणाले, "आईला बसवू आनि खुर्ची पायी येऊदे का?" दुसरीचं दार लागताना पत्र्याच्या डब्यासारखं वाजायचं. तिसरीत मला काहीच वावगं दिसलं नाही, साडूंनाही दिसलं नाही, पण मालकाची बायको एकदाही बाहेर आली नाही, म्हणून त्यांनी ती नाकारली. "घरात जिला गाडी जाताना वाईट वाटत नाय, ती गाडी नीट वागलेली नसनार," हा त्यांचा सिद्धान्त. चौथी कल्याणच्या बाजूला एका वापरलेल्या गाड्यांच्या दुकानात होती. काळी, चकचकीत, आत नव्या कव्हरांचा वास. मी मनातल्या मनात ती घेऊनही टाकली होती. साडू मागच्या सीटवर जाऊन बसले, डोळे मिटून लांब श्वास घेतला, मग सीटबेल्ट ओढायला लागले. आपण बेल्ट ओढतो तो छातीपुरता. साडू ओढत राहिले, तो संपेपर्यंत. शेवटच्या हातभर पट्ट्यावर वाळलेल्या गाळाची पिवळी रेघ होती. साडूंनी बेल्ट हळूच सोडला आणि दुकानदाराला अगदी आपुलकीने विचारलं, "हिला पोहायला कुठं नेली होती?"

परत येताना मी त्यांचं कौतुक केलं. त्यांना ते फारसं आवडलं नाही. खोट सापडली की त्यांना आनंद होतो, हा लोकांचा गैरसमज आहे. खोट सापडली की त्यांना हायसं वाटतं, एवढंच.

इकडे आईचा धीर संपत आला. पावसाळा सरला, भात कापून झालं, आणि एका सकाळी मावशीचा आवाज फोनवर नीट येईना. फोन चांगला होता, आवाजच खोल गेला होता. त्या दिवशी साडू आमच्याकडे आले होते. आई त्यांच्यासमोर खुर्ची आणून थांबली.

"जावईबापू, किती गाड्या झाल्या?"

"नऊ."

"एकबी बरी नाय?"

"तुमी बसनार, म्हनून नाय," साडू म्हणाले.

"मला चार चाकं आनि वर छप्पर द्या. एकदा वैशाखऱ्याला पोचले, की मंग मोडूदे तिला. बहीन माझी गाडीसाठी थांबेल, तिचा दम थांबनार नाय."

साडूंनी हातातला चहा तसाच खाली ठेवला. बशीत नीट ठेवला नाही, कप कलला, तरी त्यांनी सरळ केला नाही. मी त्यांना असं काही वाकडं सोडून देताना प्रथमच पाहत होतो.

चार दिवसांनी त्यांचा निरोप आला की मुरबाडमध्येच एक गाडी आहे, या. एक निवृत्त कंपाउंडर विकत होते. पांढरी सेडान, बरीच जुनी, अंगणात पेरूच्या झाडाखाली उभी. कंपाउंडर काठी टेकत बाहेर आले. साडूंनी पिशवीतून चुंबक काढून पुढच्या दाराला लावलं, तसं कंपाउंडरांना त्या आवाजावरून काय लावलं ते कळलं असावं.

"डाव्या अंगाच्या मागच्या दाराला लावा," ते म्हणाले. "तिथं चिकटनार नाय. बैलगाडीचा दांडा लागलेला, पुट्टी हाय."

साडूंनी लावलं. चिकटलं नाही. त्यांनी टॉर्च काढला.

"खाली पुढचा एक पाइप बदललेला दिसेल. तो मूळचा नाय. एसी लावला तर उजवीकडच्याला थंडी वाजते, डावीकडच्याला घाम येतो. तिसऱ्या गिअरला जरा समजूत घालायला लागते. आनि बेल्ट बघताय तर चारी बघा, पुरात गेलेली नाय."

साडूंनी सगळं बघितलं. कंपाउंडरांनी सांगितलेली प्रत्येक खोट जागच्या जागी होती आणि न सांगितलेली एकही नव्हती. तासाभराने साडू पेरूखाली येऊन उभे राहिले. हातातला रुमाल कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. तेहतीस वर्षांत मालाबरोबर मालाच्या चुकांची यादी कोणी पाठवली नव्हती.

"मंग विकताय कशाला?" त्यांनी शेवटचा प्रयत्न केला.

"डोळे गेले माझे," कंपाउंडर म्हणाले. "तिच्यात खोट नाय, माझ्यात हाय."

मला वाटलं, आता साडू होकाराची मान हलवतील. पण त्यांनी मला खुर्ची आणायला पाठवलं. मी मुरबाडहून शहापूर गाठून, आईला पडवीत कॉटवर बसवून, तिची चाकाची खुर्ची भाड्याच्या टेम्पोत टाकून दुपारी परत आलो. डिकीत खुर्ची एका झटक्यात मावली. मला हायसं वाटलं, तोच साडू म्हणाले, "काढा बाहेर." आणि स्वतः त्या खुर्चीत बसले. डावा पाय त्यांनी मेल्यासारखा सोडून दिला, डावा हात मांडीवर ठेवला आणि मला म्हणाले, "आता मला आत घ्या. आईला घेता तसं." मी त्यांना काखेत धरून मागच्या सीटवर घेतलं. त्यांनी डोकं कुठे लागतं ते बघितलं, गुडघा कुठे अडतो ते बघितलं. मग बाहेर. मग दुसऱ्या दाराने आत. असं चार वेळा. तोपर्यंत फाटकाशी माणसं जमली होती. त्यांना वाटलं, साडूंना झटका आला. एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली, कोणीतरी त्यांच्या बायकोला फोनही लावला. साडूंनी कोणाकडे लक्ष दिलं नाही. पाचव्या वेळी ते आत जाऊन मागे टेकून बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. मी दारातून वाकून बघितलं, तर कपाळाला घाम आणि डोळे भरलेले.

"लय जड जात असेल हो त्यांना," ते म्हणाले. मग डावा पाय दोन्ही हातांनी उचलून बाहेर ठेवला आणि म्हणाले, "घ्या ही."

पुढच्याच रविवारी आम्ही आईला वैशाखऱ्याला घेऊन गेलो. मी चालवत होतो, साडू माझ्या शेजारी, मागे आई. टोकावड्याच्या पुढे डोंगर दिसायला लागले तशी आई काचेला टेकून एकेका शेताचं नाव सांगायला लागली, ती शेतं आता कोणाची आहेत हे तिला माहीत नव्हतं. मावशी दारातच बसली होती. मी खुर्ची काढायला डिकीकडे गेलो, तर मावशी भिंतीला धरत धरत गाडीपाशी आली, दार उघडून आईच्या बाजूला आत बसली आणि दार ओढून घेतलं. पुढचे दोन तास दोघी बहिणी गाडीतच होत्या. चहा आत नेऊन दिला. साडू बाहेर उभे राहून कोंबड्या आणि पोरं हाकलत होते. काचेआडून काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त दोघींचे हात एकमेकींच्या तोंडावरून फिरताना दिसत होते. मावशी त्या माघात गेली. आईने दोन वर्षं आणखी काढली.

आई गेल्यावर सहा महिन्यांनी साडूंचा फोन आला. मेहुणीला मी ताई म्हणतो. तिने साठीला दोन वर्षं असताना मुरबाडच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं आणि लायसन काढलं, ही बातमी त्यांनी मला माल खराब निघाल्याच्या आवाजात सांगितली. कारण विचारलं तर ताईचं म्हणणं सरळ होतं, की यांनी सगळ्या तालुक्याच्या गाड्या बघितल्या, आम्ही बसलो एकीतही नाही.

"मास्तर, आमच्यासाठी एक गाडी बघा," साडू म्हणाले.

"मी? तुम्ही येताय ना बरोबर?"

"मी आलो तर घेऊन होनार नाय."

मी एकटाच गेलो. वाशिंदच्या एका माणसाची गाडी होती. बॉनेट उघडून आत बराच वेळ बघत राहिलो. काय बघायचं असतं ते इतके रविवार घालवूनही मला आलं नव्हतं. मालकाची बायको दाराशी येऊन उभी राहिली आणि गाडीच्या छतावर पडलेली पानं तिने हाताने झाडली. मी गाडी घेतली.

मुरबाडला नेऊन उभी केली तेव्हा साडू नवा शर्ट घालून ओट्यावर बसले होते. उठले, भोवती फिरले नाहीत. ताई कुलूप उघडेपर्यंत हात पाठीमागे बांधून थांबले आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. दार लावलं. दाराच्या वरच्या कडेचं काळं रबर एका जागी सुटून वीतभर लोंबत होतं. मला ते तेव्हाच दिसलं. त्यांना ते लोंबताना दिसलं नसेल, हे शक्यच नव्हतं. त्यांचं बोट तिथे गेलं, थांबलं. मग अंगठ्याने त्यांनी ते रबर कडेकडेने हळूहळू खाचेत दाबून बसवलं आणि समोर बघत ताईला म्हणाले, "चल."