कोंडवाड्यातली शाळा

विद्यादानासारखं दुसरं दान नाही, यावर शाळा कमिटीत सगळ्यांचं एकमत होतं. फक्त शाळेला जागा कोणी द्यायची ते ठरत नव्हतं. मीटिंग तिसऱ्यांदा भरली होती आणि मी मारुतीच्या देवळात सतरंजीवर बसून पाटलांचं भाषण ऐकत होतो.

मी तेव्हा असिस्टंट डेप्युटी होतो, म्हणजे शाळा तपासत गावोगाव फिरणारा साहेब. वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताबरोबर चालायचा. हुकूम नागपूरहून निघायचे, बुलढाण्याला मुक्काम करायचे आणि माझ्या सायकलवरून चिखली तालुक्यातल्या खेड्यांत पोचायचे. या वेळचा हुकूम साधा होता. शाळा देवळात भरते म्हणून काही मुलांना आत येता येत नसेल, तर गावाने सगळ्यांना चालेल अशी जागा द्यावी. डिस्ट्रिक्ट कौन्सिल त्यावर छप्पर घालेल. जागा नाही दिली तर मास्तर दुसऱ्या गावाला जाईल. जागा ठरवायचा अधिकार शाळा कमिटीचा, म्हणजे गावातल्याच वजनदार माणसांचा.

गाव उंद्रीच्या पलीकडचं. नाव सांगत नाही. तिथली बरीच मंडळी अजून हयात आहेत आणि त्यांना वाचता येतं.

शाळा देवळाच्या सभामंडपात भरायची. महारवाड्यातली मुलं बाहेर, पायऱ्यांखाली बसत. मास्तर वाईट माणूस नव्हता. फळा तो मुद्दाम दारासमोर टांगायचा. पण मंडपाचा खांब मध्ये येई आणि बाहेरच्यांना फळ्याची उजवी बाजूच दिसे. बाहेरच्या मुलांत महारवाड्यातल्या भिकाजीची मुलगी सारजा होती. तपासणीला आलो तेव्हा मी तिला फळा वाचायला सांगितला. तिने ओळींचे शेवट बिनचूक वाचले. सुरुवात तिने कधी पाहिलीच नव्हती. पाऊस आला की शाळा आत चालू राही, बाहेरची मुलं घरी जात आणि त्यांची गैरहजेरी लागे.

"देशमुखांच्या वाड्यामागची मोकळी जागा?" मी पाटलांचं भाषण संपल्यावर विचारलं.

"तिथं आमचं खळं हाये साहेब," देशमुख म्हणाले. "पोट्ट्यायनं कडबा इस्कटला त कोन पाहीन?"

"मग ई-क्लास?" ई-क्लास म्हणजे गुरं चारायला राखलेली सरकारी पडीक जमीन.

"ढोरं कुठं जातीन मंग?" पाटील म्हणाले.

ढोरांची सोय झाल्यावर पोरांचा विचार पुन्हा सुरू झाला. तेवढ्यात पायऱ्यांखाली उभा असलेला भिकाजी बोलला. तो गावकामगार. दवंडी द्यायची, साहेबलोकांचं सामान वाहायचं, ही त्याची कामं.

"मायबाप, आमच्या वाड्यात जागा हाये. आमी सारवून देतो."

"काऊन बे भिक्या," दुकानदार शेटजी म्हणाले, "पाटलाचे नातू तुह्या अंगनात बसवतं काय?"

"बसले त बसतीन शेटजी. आमचे बसतेच ना देवळाभाईर."

देशमुखांनी पानाचा डबा उघडला आणि पान न घेता मिटला.

मी म्हणालो, "पाटील, आज मला रिपोर्ट लिहायचा आहे. जागा नाही, तर शाळा नाही."

पाटील म्हणाले, "कोंडवाडा घ्या."

दुसऱ्याच्या पिकात शिरलेलं जनावर कोंडायची ती कौन्सिलची जागा. मालकाने दंड भरला की जनावर सुटायचं. गावाच्या मधोमध, चारी बाजूंनी दगडी भिंत. आणि तिथे विटाळ पाळायची पद्धत नव्हती. बैल सोडवायला देशमुख जावोत की भिकाजी, दोघांनाही त्याच शेणात उभं राहावं लागे. सगळ्यांना चालणारी अशी दुसरी जागा त्या गावात नव्हती.

मला फार बरं वाटलं. मग शेटजी पाटलांच्या कानाशी वाकून, पण मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, "मानलं पाटील. तुमच्या ढोरायचा वनवास सरला."

मी मास्तरकडे पाहिलं. त्याने खालमानेने खुलासा केला. कोंडवाड्यात सगळ्यांत जास्त वेळा पाटलांची आणि देशमुखांची गुरं जात. ती मोकळी सोडलेली असत आणि लहान शेतकऱ्यांच्या जवारीत शिरत. कोंडवाडा हीच काय ती त्या लोकांची दाद मागायची जागा होती.

मी उठून पायऱ्या उतरलो आणि भिकाजीला बाजूला घेतलं.

"कोंडवाडा गेला तर तुझं रान उघडं पडेल. तू नको म्हण. मी तसं लिहितो."

"पाटलाचं रान माह्या बांधाले लागूनच हाये साहेब. समजते मले."

"मग?"

"जवारी गेली त पुढच्या साली पेरता येते. सारजीचं साल पुन्यांदा कुठून आनू?"

मी वर गेलो आणि ठराव लिहिला. तो एकमताने पास झाला.

बुलढाण्याला कौन्सिलच्या चेअरमनसाहेबांनी एकच शंका काढली. "कोंडवाड्याचं उत्पन्न बुडेल, त्याचं काय?"

"शाळेचं उत्पन्न उशिरा येतं साहेब," मी म्हणालो.

मी थट्टा करतोय की काय ते त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहून ठरवलं आणि सही केली.

उद्घाटनाला ते स्वतः आले. भिंतींना चुना लावला होता. वास मात्र अजून जनावरांचाच होता. चेअरमनसाहेबांनी त्या जागेला सरस्वतीचं मंदिर म्हटलं आणि पाटलांना दानशूर. पाटलांच्या गळ्यात हार मला घालावा लागला. महारवाड्यातली मुलं वेगळ्या तरटावर बसवली होती. पण तरट भिंतीच्या आत होतं आणि त्यांच्यासमोर अख्खा फळा होता.

जवारी हुरड्यावर आली तेव्हा मी पुन्हा तपासणीला गेलो. परतताना भिकाजी माझी बॅग घेऊन शिवेपर्यंत आला. वाटेत त्याचं रान लागलं. अर्ध्याहून अधिक ताटं मोडून पडली होती. बांधावर त्याने बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालायला घेतलं होतं.

"पाटलांना विचारलंस?"

"इचारलं. म्हनले, मुक्या जनावराले काय समजते." बॅग त्याने दुसऱ्या खांद्यावर घेतली. "सारजी दुसरीत गेली साहेब."

पुढे ती चौथी पास झाली. महारवाड्यातून तोवर कोणी झालं नव्हतं. भिकाजीच्या रानाची दशा मात्र दर साली तीच राहिली.

नोकरीत मी एक शिकलो. गाव एखादं चांगलं काम कशासाठी करतं ते फार खोदून विचारू नये. त्याची भरपाई कोणाच्या रानातून होते, ते मात्र पाहून यावं.

मी पाहून आलो होतो, म्हणून नव्या कोंडवाड्याची शिफारस केली. कौन्सिलने ती मान्य केली आणि गावाकडे जागा मागितली. कमिटीने सविस्तर विचार करून कळवलं की गावात योग्य जागा उपलब्ध नाही.