सर्पाचं काम

मागच्या वर्षी बायको आणि मुलगी पुण्याला गेल्या त्या सासूबाईंच्या आजारपणासाठी. उन्हाळा संपला की येतो म्हणाल्या होत्या. सासूबाई बऱ्या झाल्या, पण तोवर मुलीचं नाव तिथल्या शाळेत घातलं होतं, आणि परत येण्याचा विषय फोनवर निघेनासा झाला. इकडे आयर्लंडमध्ये, क्लोनडॉकिनच्या घरात मी एकटा उरलो. ऑफिसचं काम घरूनच. शुक्रवारची शेवटची मीटिंग संपली की सोमवारपर्यंत तोंड उघडायचा प्रसंग यायचा नाही. दुकानात बिलसुद्धा मशीनवर आपलं आपणच करायचं.

शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. एका संध्याकाळी त्यांनी बेल वाजवली आणि दारातच विचारलं, "तुला मरता येतं का?"

"काय?" मी म्हणालो.

"नाटकात रे. आम्हा बायकांचा ग्रुप आहे. एक सर्प हवाय. एक शब्द बोलायचा नाही. झाडाला विळखा घालून बसायचं आणि मरायचं."

मी शाळेच्या गॅदरिंगमध्येही कधी स्टेजवर गेलो नव्हतो. तरी हो म्हणालो. घरात बसून तरी काय करणार होतो?

दर बुधवारी वस्तीतल्या हॉलमध्ये तालीम असायची. गोष्ट ग्रीकांची. पृथ्वीच्या पश्चिम टोकाला, जिथे सूर्य मावळतो, तिथे एक बाग. बागेत सोन्याची सफरचंदं लागणारं झाड. झाडाभोवती कधीही न झोपणारा सर्प. आणि बाग सांभाळणाऱ्या तीन बहिणी, संध्याकाळच्या मुली. "पश्चिम टोक म्हणजे हेच की," शेजारच्या बाई म्हणाल्या. या बहिणी म्हणजे 'निम्फ', एक प्रकारच्या अप्सरा. अप्सरा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे इंद्राचा दरबार आला, पण या तशा नव्हेत. या नाचून कुणाचं तप मोडत नाहीत. त्या झाडांच्या, झऱ्यांच्या असतात. जागा सोडून कुठे जात नाहीत. आमच्या तिघी सत्तरीच्या आसपासच्या होत्या: शेजारच्या बाई, एक निवृत्त नर्स आणि पूर्वी बस चालवणारी एक उंच बाई.

माझी शेपूट म्हणजे हिरवी स्लीपिंग बॅग, आत जुने कपडे कोंबलेले. तिची दोरी माझ्या पायाच्या अंगठ्याला बांधली होती, कारण गोष्टीत सर्प मेल्यावरही त्याचं शेपटीचं टोक वळवळत राहतं. नायक येतो, सर्पाला मारतो, फळं घेऊन निघून जातो. मग तिघी सर्पापाशी बसून रडतात आणि दुःखाने त्यांची झाडं होतात.

मी एकदा विचारलं, "पण सर्पासाठी का रडतात? तो तर राक्षसच."

"असेना," नर्सबाई म्हणाल्या. "सोबत होती ना त्याची."

मुलीला फोनवर सांगितलं तर ती इंग्रजीत खिदळली, "बाबा, दॅट्स गॅस!" म्हणजे काय धमाल, इथल्या बोलीत. मग हळूच म्हणाली की शाळेत तिच्या या बोलण्याची नक्कल करतात. मी काहीतरी समजुतीचं बोललो. काय बोललो ते आता आठवत नाही.

नाटक हॉलमागच्या बागेत झालं, शनिवारी दुपारी. लोक रेनकोट घालून खुर्च्यांवर बसले होते. नायकाचं काम बसवाल्या बाईंच्या जावयाकडे होतं. त्याने गदा मारली, मी ओल्या गवतावर पडलो आणि डोळे मिटले. तिघी जवळ आल्या. एकीने माझं डोकं मांडीवर घेतलं. नर्सबाईंनी कपाळावर हात ठेवला, तालमीत कधी ठेवला नव्हता तसा, ताप बघावा तसा, आणि ठेवूनच रडायला लागल्या. खोटंच रडणं, पण हात खरा होता. किती दिवसांत मला कुणाचा हात लागला नव्हता! माझ्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि थांबेना. अंगठा हलवायचं भानच राहिलं नाही.

"शेपूट!" रडता रडता त्या कुजबुजल्या.

मी शेपूट हलवली. प्रेक्षक हसले, टाळ्याही पडल्या.

नंतर चहा घेताना नर्सबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "ठीक आहेस ना?"

"ग्रँड," मी इथल्या पद्धतीने म्हणालो, म्हणजे अगदी ठीक. "डोळ्यात गवत गेलं."

"दोन्ही डोळ्यांत?" एवढंच विचारून त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला.

घरी येऊन बायकोला फोन लावला. "कसं झालं?" तिने विचारलं.

"छान मेलो."

"काहीतरी अभद्र बोलू नकोस."

मग इतक्या महिन्यांत न विचारलेलं मी विचारलं, "तुम्ही येणार आहात का?"

मागे टीव्ही चालू होता.

"नाही रे," ती म्हणाली. "मला नाही वाटत. मला तिथे गुदमरायचं. तुला कसं सांगायचं ते कळत नव्हतं."

तिला राग आलेला नव्हता, मलाही नाही. मी म्हणालो, "बरं झालं सांगितलंस." मग डिसेंबरात मी तिकडे जाऊन राहावं, पुढचं समोरासमोर बोलावं, असं ठरलं. फोन ठेवला. बाहेर अजून लख्ख उजेड होता. इथे उन्हाळ्यात संध्याकाळ सरता सरत नाही. मी कुकर लावला आणि भात होईपर्यंत ओट्यापाशी उभा राहिलो.